अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटात गाडीने: आखणीपासून परतीपर्यंत

लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस कॅन्यन, पेज हे गाव, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन करून परत लास व्हेगासला, हा फेरा साधारण ९८० मैलांचा आहे. नकाशावर तो चार दिवसांत बसतो, आणि बरेच जण बसवतातही. मग प्रत्येक ठिकाणी भर दुपारी पोचायचे, कड्यावर अर्धा तास उभे राहायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा गाडीत. वाळवंटात बघण्यासारखे जे असते त्यातले बहुतेक सूर्योदयानंतरच्या तीन आणि सूर्यास्ताआधीच्या दोन तासांत असते. मधल्या वेळात खडक फिकट दिसतात आणि ऊन सोसवत नाही. म्हणून आखणी करताना दिवस मोजू नका, सकाळ-संध्याकाळ मोजा. प्रत्येक मुक्कामी एक अख्खी संध्याकाळ आणि एक अख्खी सकाळ मिळालीच पाहिजे. या हिशेबाने फेऱ्याला आठ रात्री आणि नऊ दिवस लागतात. तेवढे नसतील तर एखादे ठिकाण गाळा; रात्री कापू नका.

आधी महिना, मग मार्ग

एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे उत्तम दिवस. अडचण अशी की भारतातून आई-वडील येतात ते बहुधा उन्हाळ्यात, नातवंडांना सुट्टी असते म्हणून. जुलैत लास व्हेगासला दुपारी ४० अंश सेल्सियस सहज असते आणि झायनच्या दरीतही ३७-३८. पण त्याच दुपारी ब्राइसला २७ च्या आसपास असते, कारण तिथला कडा ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे ७,००० फुटांवर, पेज साधारण ४,३०० आणि लास व्हेगास अवघे २,००० फूट. त्यामुळे जुलै-ऑगस्ट टळत नसेल तर मुक्कामाच्या रात्री ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनला वाढवा, झायन आणि पेजच्या कमी करा.

उलट एप्रिलमध्ये 'वाळवंटात चाललोय' म्हणून फक्त सुती कपडे भरले तर ब्राइसला फजिती होते. तिथे तेव्हा रात्री पारा शून्याखाली जातो आणि पायवाटांवर बर्फ असू शकतो. एकाच बॅगेत टोपी-गॉगल आणि जाड जॅकेट दोन्ही लागतात.

मार्ग आणि खरे तास

खालच्या वेळा नुसत्या चालवण्याच्या आहेत. पेट्रोल, स्वच्छतागृह आणि 'इथे जरा थांबूया' यांसाठी प्रत्येकीत तिसरा हिस्सा मिळवा.

१. लास व्हेगास ते स्प्रिंगडेल (झायनच्या दारातले गाव): १६० मैल, पावणेतीन तास. मुक्काम २ रात्री.
२. स्प्रिंगडेल ते ब्राइस कॅन्यन: ८५ मैल, दोन तास. रस्ता झायनच्या जुन्या बोगद्यातून जातो. १९३० सालचा हा बोगदा १.१ मैल लांबीचा आहे. मोठी आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेणार असाल तर इथले निर्बंध आधीच वाचा. मुक्काम १ रात्र.
३. ब्राइस ते पेज, कॅनॅबमार्गे: १५० मैल, पावणेतीन तास. मुक्काम २ रात्री.
४. पेज ते मॉन्युमेंट व्हॅली, केयेंटामार्गे: १२५ मैल, सव्वादोन तास. मुक्काम १ रात्र.
५. मॉन्युमेंट व्हॅली ते ग्रँड कॅन्यन दक्षिण कडा, ट्यूबा सिटी आणि कॅमेरूनमार्गे: १८० मैल, साडेतीन तास. मुक्काम २ रात्री.
६. ग्रँड कॅन्यन ते लास व्हेगास, विल्यम्स आणि किंगमनमार्गे: २८० मैल, साडेचार तास. वाटेत हूव्हर धरण लागते.

आतली फिराफिर धरून मीटर १,२०० मैलांच्या आसपास जातो. गॅलनला २८ मैल देणाऱ्या गाडीला त्यासाठी ४३ गॅलन पेट्रोल लागेल.

ग्रँड कॅन्यनचा उत्तर कडा या यादीत मुद्दामच घेतलेला नाही. जुलै २०२५ मध्ये ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथले जुने लॉज जळाले. शिवाय एका कड्यावरून समोर दिसणाऱ्या दुसऱ्या कड्यावर गाडीने जायला २०० मैलांहून मोठा वळसा आहे.

घड्याळाचा घोळ

या फेऱ्यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिका घड्याळ तासभर पुढे करते, पण ॲरिझोना करत नाही. आणि ॲरिझोनातच येणारा नॅव्हाहो नेशनचा, म्हणजे नॅव्हाहो या मूलनिवासी लोकांच्या स्वायत्त मुलखाचा, भाग मात्र करतो. त्यामुळे उन्हाळ्यात नेवाडा (म्हणजे लास व्हेगास), पेज आणि ग्रँड कॅन्यन यांची वेळ एक, तर युटा राज्यातले झायन, ब्राइस आणि मॉन्युमेंट व्हॅली यांची त्यांच्या तासभर पुढे. नॅव्हाहो प्रदेशाच्या पोटात होपी लोकांची जमीन आहे, ते पुन्हा घड्याळ बदलत नाहीत; ट्यूबा सिटी आणि शेजारचे मोएनकोपी ही लागून असलेली गावे उन्हाळाभर तासाच्या फरकाने जगतात.

पेजला मोबाइल कधी युटाचा टॉवर पकडतो, कधी ॲरिझोनाचा, आणि घड्याळ आपोआप पुढे-मागे होते. पेजजवळच्या ॲन्टिलोप कॅन्यन या अरुंद घळीत शिरण्याची ठरलेली वेळ चुकली की पैसे परत मिळण्याची आशा फारशी नसते. उपाय सोपा आहे: पेजला पोचताच फोनची आपोआप वेळ बंद करून 'फिनिक्स' निवडा आणि आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर वेळ पडताळून घ्या. हिवाळ्यात हा गोंधळ नसतो. तेव्हा फक्त नेवाडा तासभर मागे.

पास आणि बुकिंग

झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन यांचे गाडीमागे प्रवेशशुल्क ३५ डॉलर प्रत्येकी, म्हणजे तिन्हींचे १०५. 'अमेरिका द ब्यूटिफुल' हा वार्षिक पास ८० डॉलरचा. इथवर हिशेब सरळ होता. १ जानेवारी २०२६ पासून ८० चा दर फक्त अमेरिकेच्या रहिवाशांना आहे. परदेशी पाहुण्यांसाठी हाच पास २५० डॉलरचा झाला, आणि पास नसेल तर ११ प्रमुख पार्कांत १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्यामागे नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर जादा पडतात. आपले तिन्ही पार्क त्या यादीत आहेत. भारतातून आलेल्या दोघा जणांनी पासाशिवाय तिन्ही पार्क पाहायचे म्हटले तर नुसता जादा आकारच ६०० डॉलर होतो. मुलगा रहिवासी आणि आई-वडील पाहुणे असा मिश्र गट असेल तर निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा, आणि प्रत्येकाचे सरकारी फोटो ओळखपत्र हाताशी ठेवा.

हा पास मॉन्युमेंट व्हॅली आणि ॲन्टिलोप कॅन्यनला चालत नाही, कारण ती नॅव्हाहो लोकांची मालकी आहे. हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणावरच्या कड्याला पेज नगरपालिका पार्किंगचे १० डॉलर घेते. तिथेही पास नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. ग्रँड कॅन्यनच्या आतली लॉज १३ महिने आधी खुली होतात आणि कड्यालगतच्या खोल्या लगेच जातात. त्या मिळाल्या की बाकीच्या तारखा त्यांच्या मागेपुढे लावा, कारण अडून बसणारी जागा तीच आहे. तंबू ठोकायचा असेल तर तिथल्या मेदर कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी. मॉन्युमेंट व्हॅलीत खोल्या मोजक्याच, त्याही सहा महिने आधी पाहा. ॲन्टिलोप कॅन्यनमध्ये नॅव्हाहो वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही. भर दुपारच्या वेळा आधी संपतात, म्हणून दोन-तीन महिने आधी. झायनच्या 'एंजल्स लँडिंग' या सुळक्यावर चढायला २०२२ पासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो, एक हंगामी सोडत आणि एक आदल्या दिवशीची. 'द वेव्ह' या नागमोडी खडकांसाठी दिवसाला फक्त ६४ जणांना सोडतात. नाव टाकायला हरकत नाही, पण त्याभोवती सहल बांधू नका.

गाडी: ताबा घेताना दहा मिनिटे

भारतीय परवान्यावर चालवणाऱ्याने आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. १,००० रुपये शुल्क आहे, मुदत एक वर्ष. तो मूळ परवान्याच्या जोडीने दाखवायचा असतो, एकटा चालत नाही.

भाड्याच्या गाडीचा ताबा घेताना रंगाचे ओरखडे सगळेच पाहतात. वाळवंटात त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे टायर. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर असेल किंवा बाजूला बारीक भेगा दिसल्या तर दुसरी गाडी मागा. मग डिकीचा तळ उचला. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, तिच्या जागी छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. खिळ्याच्या भोकाला ती चालते, टायरची बाजू फाटली तर निरुपयोगी. स्टेपनी असलेली गाडी मागून घ्या. असेल तर तिची हवा, जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते बघा. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या कडेवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तापमान दर १० अंश फॅरनहाइटने वाढले की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. दुपारी वाढलेला आकडा बघून हवा सोडणारे लोक दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघतात, आणि कमी हवेचाच टायर तापून फुटतो.

बहुतेक भाडेकरारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो आणि क्रेडिट कार्डाचा विमाही तिथे हात वर करतो. मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा रस्ता कच्चाच आहे. तिथे स्वतःची गाडी घालण्याऐवजी नॅव्हाहो वाटाड्याची उघडी जीप करा. ती आतल्या, एरवी बंद असलेल्या भागातही नेते.

रस्त्यावर मदत देणारी सदस्यता असेल तर गाडी ओढून नेण्याची मर्यादा किती मैल ते पाहा. ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संघटनेच्या मूळ सदस्यतेत ती मोजक्या मैलांची असते, 'प्लस'मध्ये १०० मैल. केयेंटाजवळ गाडी बंद पडली तर हा फरक काही शे डॉलरचा ठरतो.

पेट्रोल, पाणी, मीठ

टाकी अर्धी झाली की भरा. स्प्रिंगडेल, कॅनॅब, पेज, केयेंटा, कॅमेरून ही भरण्याची ठिकाणे. त्यांच्यामध्ये एखादा पंप दिसतो, पण तो चालू असेल यावर विसंबू नका. युटात पंपावर ८५ ऑक्टेनचे बटण दिसते आणि तेच सगळ्यात स्वस्त. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेले असते, म्हणून ८७ किंवा ८८ चेच बटण दाबा. विजेची गाडी पहिल्याच वेळी नको. केयेंटाच्या पट्ट्यात चार्जर विरळ आहेत आणि एसी बॅटरी खातो.

लांब चढाच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर क्रम असा: एसी बंद, हीटर पूर्ण, खिडक्या उघड्या. हीटर इंजिनाची उष्णता आत ओढतो. घाम फुटेल, पण काटा उतरेल. तरीही उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, आतले पाणी दाबाखाली उकळत असते. उतारावर ब्रेकवर पाय दाबून ठेवण्यापेक्षा गिअर 'एल' किंवा मॅन्युअल दुसऱ्यावर टाका.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे सुमारे ४ लिटर. चौघांना दोन दिवसांचे ३२ लिटर आणि गाडीसाठी वेगळे ४, असा साठा कायम डिकीत हवा. पार्कांत बाटल्या भरायचे नळ असतात, पण ग्रँड कॅन्यनला पाणी आणणारी १९६० च्या दशकातली नळवाहिनी वरचेवर फुटते आणि मग पायवाटांवरचे नळ कोरडे पडतात.

नुसते पाणी ढोसणे हेही धोक्याचे. घामातून मीठ जाते, वरून पाणीच गेले की रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, आणि लघवी मात्र भरपूर व पाण्यासारखी होते. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका. खारे शेंगदाणे किंवा चिवडा द्या, सावलीत बसवा आणि तो बरळू लागला तर थेट ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन. भारतातून येणाऱ्यांनी ओआरएसची पाकिटे आणावीत, एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर हे प्रमाण पुरते. ज्येष्ठांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन बर्फाला थेट टेकवू नका आणि बंद गाडीत कधीच ठेवू नका.

डबा

केयेंटाच्या आसपास शाकाहारी माणसाची पंचाईत होते. तळलेल्या भाकरीवरचा 'नॅव्हाहो टॅको' बिनमांसाचा मागता येतो, पण घोटलेल्या घेवड्यात चरबी आहे का ते विचारावे लागते. किराण्याची मोठी खरेदी लास व्हेगास किंवा सेंट जॉर्जला उरका. पेजला वॉलमार्ट आहे, केयेंटाला एक सुपरमार्केट. दशम्या, धपाटे, दाण्याची चटणी, मेतकूट यांवर दुपारची जेवणे सहज निघतात. खोलीत बहुधा मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो, त्यामुळे भात आणि तयार भाज्यांची पाकिटे चालतात. भारतातून आणलेली इलेक्ट्रिक शेगडी मात्र तिथल्या १२० व्होल्टवर जेमतेम कोमट होईल, आणि खोलीत शेगडी लावायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते. कूलरमध्ये सुट्या बर्फाऐवजी पाण्याच्या मोठ्या बाटल्या गोठवून ठेवा. अन्न भिजत नाही आणि वितळले की प्यायला पाणी.

कुठे, कोणत्या वेळी

झायनमध्ये मार्च ते नोव्हेंबर दरीच्या मुख्य रस्त्यावर खासगी गाडीला बंदी असते, पार्कची बस फुकट. आतले पार्किंग सकाळी आठ-नऊलाच भरते. गाडी स्प्रिंगडेलमध्येच लावून गावातल्या बसने फाटकापर्यंत जा आणि पहिल्या बसमध्ये बसा. 'द नॅरोज'मध्ये व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचे असते. खालून वर जायला परवाना लागत नाही. गोल गोटे शेवाळलेले असतात, साध्या बुटांनी घोटा मुरगळतोच. स्प्रिंगडेलला नदीचे बूट, निओप्रीनचे मोजे आणि काठी भाड्याने मिळते. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला की वाट बंद करतात, त्या सकाळचा आकडा पार्कच्या पानावर असतो.

ब्राइसची अर्धगोल दरी पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून तिची वेळ सूर्योदयाची. 'सनसेट पॉइंट' या नावाला भुलू नका. सूर्यास्ताला सुळक्यांवर सावली पडलेली असते. सूर्योदय कड्यावरून पाहून लगेच 'क्वीन्स गार्डन'ने उतरा आणि 'नॅव्हाहो लूप'ने वर या, तीनेक मैल होतात. या उंचीवर पुण्या-मुंबईच्या माणसाला धाप लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. फक्त चढावर बोलणे थांबवावे.

पेजला पहिल्या संध्याकाळी हॉर्सशू बेंड, दुसऱ्या दिवशी ॲन्टिलोप. हॉर्सशू बेंडची वाट जाऊन-येऊन दीड मैल, सावली नावाला. कड्याच्या थोड्याच भागाला कठडा आहे आणि खाली १,००० फूट, लहान मुलांचा हात सोडायचा नाही. 'अपर' ॲन्टिलोपमध्ये साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात या काळात माध्यान्हीला प्रकाशाचे झोत खाली उतरतात. 'लोअर' अरुंद असून त्यात उभ्या लोखंडी शिड्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी अपर निवडावा, पण तिथेही परतीच्या वाटेवर लोखंडी जिने लागतात. दोन्हीकडे पिशव्या आत नेऊ देत नाहीत.

मॉन्युमेंट व्हॅलीत पाहुण्यांचे केंद्र प्रसिद्ध सुळक्यांच्या पश्चिमेला आहे. संध्याकाळचे ऊन त्यांच्या अंगावर पडून ते लाल होतात, सकाळी त्यांच्या मागून सूर्य येतो आणि नुसत्या काळ्या आकृती दिसतात. म्हणून मुक्काम एकच, पण दुपारी चारच्या आत पोचा, तेही नॅव्हाहो वेळेने. नॅव्हाहो प्रदेशात दारू बाळगणेही बेकायदा आहे, आणि माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

ग्रँड कॅन्यनला पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू फाटकातून शिरा. तिथून गावापर्यंतच्या २५ मैलांत एकामागून एक थांबे आहेत आणि ते आपसूक होतात. सूर्यास्ताला होपी पॉइंट. तिकडच्या रस्त्यावरही मार्च ते नोव्हेंबर पार्कच्याच बस चालतात.

दरीत उतरण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवे. सह्याद्रीत गड चढताना आधी दम लागतो, मग उतार. दमलो तर अर्ध्यातून मागे फिरता येते. इथे उलटे आहे. ताजे असताना उतार, आणि दमल्यावर, ऊन तापल्यावर चढ. शिवाय खाली जावे तसतसे तापमान वाढते. नदीच्या पातळीवर उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. म्हणून उतरताना घड्याळ पाहा: खाली जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वर यायला. ब्राइट एंजल वाटेवरचे दीड मैलावरचे विश्रामघर, म्हणजे एकूण तीन मैल आणि सुमारे १,१०० फूट चढ, ही नेहमी ट्रेक करणाऱ्या माणसासाठीही पहिल्या वेळी पुरेशी मर्यादा आहे. तिथे हंगामात पाणी असते. साउथ कायबाब वाटेवर पाणी नाही. तिथे 'ऊ-आ पॉइंट'पर्यंत जाऊन-येऊन १.८ मैल. दोन्ही ठिकाणी सकाळी दहाच्या आत वर या. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परतू नका असे पार्कचे फलक सांगतात, आणि त्या फलकांशेजारी उभे राहून बेत आखणारे दरवर्षी सुटका पथकाला कामाला लावतात.

काय बिघडते

ॲरिझोनाचा मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. आपल्यासारखी झड नसते. सकाळ स्वच्छ, दुपारी अचानक वीज आणि तासभर मुसळधार. खडकाळ जमिनीत पाणी मुरत नाही, ते सगळे अरुंद घळींतून धावते. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲन्टिलोप कॅन्यनमध्ये ११ जण बुडाले. पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. घळीत शिरण्यापूर्वी डोक्यावरचे आभाळ पाहून काहीच कळत नाही, वरच्या अंगाच्या पाणलोटाचा अंदाज वाचा. पाणी गढूळ झाले, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा घरघर ऐकू आली तर सामान टाकून उंचावर चढा. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालू नका, फूटभर पाणी मोटार वाहून नेते. ॲरिझोनात तर अडथळा ओलांडून पाण्यात गेलेल्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदा आहे. लोक त्याला उघडपणे 'मूर्ख वाहनचालक कायदा' म्हणतात.

धुळीची भिंत समोरून आली तर रस्त्यापासून जितके दूर जाता येईल तितके जा, हँडब्रेक लावा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा चालक 'पुढची गाडी चालली आहे' समजून सरळ तुमच्यावर येतो.

मोबाइलचा नकाशा रेंज असतानाच उतरवून ठेवा, आणि त्याने सुचवलेला आडरस्ता उघडून पाहा. ब्राइसहून पेजला जाताना तो कधीकधी कॉटनवुड कॅन्यन रोड दाखवतो. अंतर वाचते खरे, पण तो चाळीसहून अधिक मैलांचा मातीचा रस्ता आहे आणि पाऊस पडला की तिथल्या चिकणमातीत फोर-व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी, गाडीही रुतते. गाडी अडकली तर गाडीपाशीच थांबा. शोधपथकाला गाडी लवकर दिसते, चालत गेलेला माणूस दिसत नाही. आयफोन १४ आणि पुढच्या फोनांत उपग्रहाद्वारे मदत मागता येते, ती सुविधा घरीच एकदा उघडून बघा.

अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. ग्रँड कॅन्यनजवळ एल्क ही मोठी हरणे आणि नॅव्हाहो प्रदेशात मोकाट गाई-घोडे रात्री रस्त्यावर उभे असतात. कुंपण कित्येक ठिकाणी नाही.

पुढच्या सहली

एकाच फेरीत सगळे कोंबण्याऐवजी महिन्यानुसार वाटून ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री. डेथ व्हॅलीचा तळ समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे आणि तिथे १० जुलै १९१३ ला १३४ अंश फॅरनहाइट नोंदले गेले, तेव्हा उन्हाळ्यात तिकडे फिरकू नका. जोशुआ ट्रीच्या आत पेट्रोल नाही, पाणी जवळजवळ नाही.

ऑक्टोबरात मोॲब: आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि ब्राइसहून येताना वाटेत कॅपिटल रीफ. आर्चेसला प्रवेशाच्या ठरावीक वेळेचे आरक्षण २०२२ मध्ये सुरू झाले, पण हा नियम बदलत राहतो. तारीख ठरली की त्या वर्षीचा पाहा. आय-७० या महामार्गावर ग्रीन रिव्हर आणि सॅलिना यांच्यामध्ये १०० मैलांहून जास्त अंतरात एकही पंप नाही.

मार्चमध्ये दक्षिणेचा पट्टा: टूसॉनचे सवारो निवडुंग, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या जिप्समच्या पांढऱ्या टेकड्या, कार्ल्सबॅडची गुहा. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्राला लागून असल्याने रस्ता अधूनमधून काही तास बंद ठेवतात. वेळापत्रक आधी जाहीर होते. या पट्ट्यात सीमा सुरक्षा दलाच्या चौक्या हायवेवरच असतात, उदाहरणार्थ व्हाइट सँड्सहून लास क्रूसेसकडे येताना यूएस-७० वर. तिथे प्रत्येकाला नागरिकत्व विचारतात. पाहुण्यांनी मूळ पासपोर्ट आणि आय-९४ या प्रवेशनोंदीची प्रत, ग्रीन कार्डधारकांनी मूळ कार्ड जवळ ठेवायचे. फोनमधला फोटो पुरत नाही.

पुढच्या आखणीसाठी परतताना एकच कागद भरा: प्रत्येक टप्प्याला नकाशाने सांगितलेले तास आणि खरे लागलेले तास. घरातल्या मंडळींचा वेग त्या दोन रकान्यांतून कळतो, आणि पुढच्या वर्षी तिसरा हिस्सा मिळवायचा की निम्मा, हे त्यावरूनच ठरवा.